उतारावर न्यूट्रल

१४ जून २०२५, शनिवार

मिरजेच्या डॉक्टरांनी बीपीची गोळी वाढवली आणि वर सांगितलं, ओरडणं कमी करा. मी म्हटलं, डॉक्टर, मी शाळेच्या गाड्या सांभाळतो, ओरडू नको तर काय आरती म्हणू? ते हसले. अंजना हसली नाही. घरी आल्याआल्या तिने ही वही पुढ्यात टाकली. म्हणाली, "आवं, जे वरडायचं ते हितं वरडा. आमचं कान किटलं." तीस वर्षांच्या संसारात बायकोने पहिल्यांदा काहीतरी लिहायला दिलं, तेही असं. असो.

ओरडायला कारण आहे. आमच्या शाळेचे चेअरमन जिनपालअण्णा यांनी तिन्ही डिझेल गाड्या विकून टाकल्या आणि विजेवरच्या दोन आणल्या. मला विचारलं विकून झाल्यावर. अण्णा बेदाण्याचे व्यापारी. तासगावच्या सौद्यात माल चाखल्याशिवाय पेटी उचलत नाहीत, आणि गाड्या मात्र मोबाइलवरचा फोटो बघून घेतल्या. सतरा वर्षं मी फौजेत गाड्या चालवल्या, नंतर उसाचा ट्रक, आणि अकरा वर्षं या शाळेचा वाहतूक सुपरवायझर आहे. मला कोण विचारतो?

कंपनीने दोन दिवसांचं ट्रेनिंग ठेवलं होतं. शिकवायला आलेला इंजिनियर माझ्या भाच्याच्या वयाचा. त्याचं पहिलंच वाक्य, "आजवर शिकलेलं सगळं विसरा." चहाला सुट्टी झाली तसा मी उठलो, तो परत गेलोच नाही. गुंडालाही उठवलं. गुंडा माझा पहिला चेला. जतकडचा गडी, मेंढरं सोडून माझ्या ट्रकवर क्लीनर म्हणून आला, त्याला स्टेअरिंगवर मी बसवला. अजून मला वस्ताद म्हणतो. शेवटपर्यंत बसली ती एकटी संयोगिता. साताऱ्याकडची पोरगी, नवरा फौजेत. आधी मिरजेला एका दवाखान्याची ॲम्ब्युलन्स चालवायची. दोन दिवस वहीत टिपणं काढत होती, जणू बोर्डाची परीक्षा आहे.

मी दोघांना सांगून टाकलं की आपला नियम तोच. ऑफिसच्या भिंतीवर माझ्या सहीने लावलेला आहे: उतारावर गाडी न्यूट्रल. उताराला गाडी आपोआप पळते, तिथे कशाला खर्च करायचा? रोजच्या वहीत 'न्यूट्रलमध्ये किती किलोमीटर' असा रकाना आहे, तो मीच आखलाय आणि मीच तपासतो. याच नियमावर एवढं डिझेल वाचलं की अण्णांनी स्नेहसंमेलनात शाल-नारळ देऊन माझा सत्कार केला होता. गाडी डिझेल खाणारी असो नाहीतर वीज, उतार तो उतार.

१६ जून, सोमवार

शाळेचा पहिला दिवस आणि सात तक्रारी.

गाडीला आवाजच नाही! डिझेलची गाडी घाट चढायला लागली की वर पाखरेवाडीत ऐकू यायचं. त्या घरघरीवर बायका पोरींच्या वेण्या घालायच्या, दुसरी वेणी होईतो गाडी दारात. आज गुंडा गाडी घेऊन उभा, आणि पोरं अजून न्हाणीत. त्याने हॉर्न मारला तर एकाची म्हैस दावं तोडून पळाली. एक म्हातारी त्याला म्हणाली, "भुतावानी आलास की रं." चाळीस मिनिटं उशीर झाला.

पाखरेवाडी घाटमाथ्यावर आहे, बत्तीस किलोमीटर. सकाळी रिकामी वर, पोरं घेऊन खाली. संध्याकाळी पोरं घेऊन वर, रिकामी खाली. झाले एकशे अठ्ठावीस. कंपनी म्हणते गाडी एकशे साठ जाते. म्हणजे संध्याकाळी वीस टक्के तरी बॅटरी उरायला हवी. गुंडा आला तेव्हा पडद्यावर नऊ. कंपनीला फोन केला. पलीकडची बाई म्हणते, "सर, ड्रायव्हिंग स्टाइल चेक करा." गुंडाची स्टाइल! सोळा वर्षांत त्याने गाडीला एक ओरखडा येऊ दिला नाही.

२१ जून, शनिवार

आठवडाभराचा हिशोब: गुंडाची गाडी नऊ, अकरा, सात, दहा, आठ. संयोगिताची मणेराजुरीची गाडी रोज चाळीसच्या आसपास. तिचा रस्ता सपाट आणि कमी लांबीचा आहे, त्यात काय विशेष?

पण ती बाई गप्प बसेल तर ना. वही द्यायला आली आणि म्हणाली, "काका, एक बोलू का? घाटात उतारावर गाडी गियरमधनं काढायची न्हाई. नुसता पाय उचलायचा. मोटर उलटी काम करती, गाडी आवरती, आन बॅटरी भरती."

मी विचारलं, "बॅटरी भरते? उतारावर?"

"व्हय. ट्रेनिंगमधी दाखवलंय."

मी तिला म्हटलं, उद्या म्हणशील गिरणीत पीठ परत टाकलं की ज्वारी निघते. ती खाली बघून हसली आणि गेली. चांगली पोरगी आहे, पण कंपनीवाल्यांनी काहीही सांगितलं तरी खरं मानते. तिच्या रस्त्याला चढउतार थोडे, तरी तिने रकान्यात 'न्यूट्रल ११ कि.मी.' लिहिलं होतं. तेवढी शिस्त आहे.

२६ जून, गुरुवार

दुपारी गाडी थोडी चार्ज करून घ्यावी म्हटलं तर द्राक्षबागांचे पंप चालू. विजेचा दाब इतका पडतो की चार्जर दोन मिनिटांत लाल दिवा दाखवून बसतो. वीज कंपनीच्या वायरमनला बोलावलं. त्याने चार्जरला एक थाप मारली, माझ्याकडचा चहा प्याला आणि "वरनंच कमी हाय" म्हणून निघून गेला. चार्जरच्या नळीला कुणीतरी लिंबू-मिरची बांधली आहे. कुणी बांधली विचारलं तर सगळे छताकडे बघतात.

३ जुलै, गुरुवार

अण्णांनी फर्मान काढलं, दोघांचे रस्ते तीन दिवस बदला, गाड्या आहेत त्याच रस्त्यांवर राहू द्या. बदलले. संयोगिता पाखरेवाडीहून परत आली ती सव्वीस टक्के घेऊन. तीच गाडी, तोच घाट, तीच पोरं!

रात्रभर विचार करून मला कारण सापडलं. वजन. संयोगिता पन्नास किलोची, गुंडा थोराड. सकाळी त्याला अण्णांच्या बेदाण्याच्या शेडमध्ये नेला आणि काट्यावर उभा केला. अठ्ठ्याण्णव किलो भरला. हमाल हसायला लागले. एकाने तर विचारलं, "ह्यो कुठल्या नंबरचा माल?" गुंडा लाजून लाल झाला, पण काट्यावरून खाली उतरला नाही. मी त्याला संध्याकाळची भाकरी निम्मी करायला सांगितली. "व्हय वस्ताद," म्हणाला.

अंजना म्हणाली, "गाडीत तीस पोरं बसत्यात, त्यांचं वजन काय हवेत जातंय व्हय?" बायकांना यंत्रातलं कळत नाही.

८ जुलै, मंगळवार

जिंकलो! गुंडा आज चोवीस टक्के घेऊन परत आला. मी काल चारी चाकांची हवा स्वतः वाढवून घेतली होती, त्याचा हा परिणाम. टायरची हवा हा साधा विषय, पण कंपनीच्या एका इंजिनियरला सुचला नाही. अण्णांना लगेच फोन लावला. तेही खूश झाले.

आनंदात एकच खडा. वही तपासली तर गुंडाचा न्यूट्रलचा रकाना कोरा. त्याला हाक मारली.

"हे कोरं का?"

तो टोपी हातात घेऊन उभा. "इसरलो, वस्ताद."

"विसरलास? सोळा वर्षांत कधी विसरला नाहीस. न्यूट्रल केली होतीस ना?"

तो काहीतरी बोलणार होता. दारात संयोगिता उभी होती, तिच्याकडे त्याने एकदा बघितलं. मग म्हणाला, "उद्यापास्नं भरतो."

मी लाल पेनने शेरा मारला, 'रकाना कोरा ठेवू नये', आणि सही केली. कडक वागावं लागतं. आज रकाना सुटला, उद्या नियम सुटेल.

९ जुलै, बुधवार

गुंडा परत दहावर. रकान्यात 'न्यूट्रल १९ कि.मी.' व्यवस्थित लिहिलेलं. हवा पुन्हा तपासली, बरोबर होती. डोकं फिरायची वेळ आली.

१५ जुलै, मंगळवार

आता नवीनच. गुंडाच्या गाडीचे ब्रेक लायनर महिन्यात संपले. महिन्यात! डिझेलच्या गाडीला वर्ष जायचं. संयोगिताच्या गाडीचे काढून बघितले तर नव्यासारखे, कागद गुंडाळून परत दुकानात देता येतील असे. म्हणजे एकाच कंपनीच्या दोन गाड्या आणि एकीला चांगला माल, दुसरीला भंगार. कंपनीला सणसणीत पत्र लिहिलं. संयोगिता पत्र टाइप करायला बसली होती. मधेच थांबून म्हणाली, "काका, ह्ये पाठवायच्या आधी एकदा माझ्यासंगं घाटात येता का?" मी म्हटलं, मला घाट दाखवू नकोस, तुझ्या जन्माच्या आधीपासून मी घाट उतरतोय. तिने पुढे टाइप केलं, जरा जोरजोरात.

१९ जुलै, शनिवार

जे व्हायला नको होतं ते झालं. गाडी रिकामी परत येताना शाळेपासून चार किलोमीटरवर मेली. पडद्यावर शून्य. गुंडाने एका ट्रॅक्टरवाल्याला थांबवून दोर बांधला आणि तसा ओढत आला. भर बाजारातून. विजेची गाडी आणि पुढे ट्रॅक्टर. पोरांनी व्हिडिओ काढले. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ सांगलीपर्यंत पोहोचला आणि अण्णांच्या व्याह्यांनी तो अण्णांनाच पाठवला.

अण्णांनी मला शेडवर बोलावलं. ते कधी आवाज चढवत नाहीत, हीच भीती. बेदाण्यातली काडी वेचत म्हणाले, "शिंदे, गाडी संयोगिताच्या हातात चालती, गुंडाच्या हातात मरती. मग दोष कुणात, तुमीच सांगा. ३१ तारखेपर्यंत बघतो. न्हाई जमलं तर गुंडाला मोकळा करा. पालकांना मला तोंड दाखवायचंय."

मी सांगितलं, दोष गाडीत आहे, सिद्ध करून दाखवीन. त्यांनी मान हलवली, पण होकाराची नव्हती.

गुंडाला जाऊन सांगितलं. त्याची थोरली पूजा यंदा अकरावीला, तासगावात खोली घेऊन राहतात सगळे. म्हटलं, घाबरू नको, मी आहे. तो म्हणाला, "तुमी हाय म्हनून तर." पुढे काय ते बोलला नाही. मला बरं वाटलं.

२४ जुलै, गुरुवार

सकाळी पाखरेवाडीची गाडी पंचवीस मिनिटं उशिरा. गुंडा म्हणाला, घाटात तिसऱ्या वळणावर थांबलो होतो. का? "जरा तापलीवती." विजेची गाडी तापते कशी? मी गाडीजवळ गेलो, तर मागच्या चाकांतून जळक्या वासाचा धूर. नवे लायनर घालून नऊ दिवस झालेत. पुन्हा भंगार माल. मी तिथेच कंपनीला फोन लावून ओरडायला सुरुवात केली.

गुंडा नळाजवळ गेला. तीन गिलास पाणी प्याला. चौथा हातातून सांडला. मी फोनवर होतो म्हणून विचारायचं राहिलं.

संध्याकाळी तो अगदी हळू गेला आणि हळू आला. वहीत काही लिहिलं नाही. आज मी शेरा मारला नाही, दमलो होतो.

२५ जुलै, शुक्रवार

सकाळी सहा वाजता ऑफिसच्या दाराला गाडीची किल्ली अडकवलेली, सोबत पूजाच्या अक्षरातला कागद. 'माझ्याच्याने ही गाडी होत नाही. मला मोकळे करावे. वस्तादांचा काही दोष नाही. गुंडा.'

मला काय राग आला! मी याच्यासाठी चेअरमनशी भांडतोय, कंपनीला शिव्या घालतोय, आणि हा सहा दिवस आधीच हत्यार टाकून मोकळा. फोन बंद. खोलीवर गेलो तर कुलूप, शेजारीण म्हणाली जतला गेला, तिथे पाण्याच्या टँकरवर जागा आहे. अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "सुटला बिचारा." बिचारा म्हणे!

मी नक्की कशावर चिडलोय ते मलाच कळेना. पाखरेवाडीला संयोगिता गेली, मणेराजुरीला भाड्याची जीप.

२६ जुलै, शनिवार

लिहायचं आहे, पण हात चालत नाही.

सकाळी मी संयोगिताच्या शेजारी बसलो. ३१ तारखेला गाडीचा दोष लिहून द्यायचा तर डोळ्यांनी बघावं म्हटलं. वर गेलो, पोरं भरली. घाट सुरू झाला तेव्हा पडद्यावर आकडा एकसष्ट होता. संयोगिताने पाय उचलला. गाडी गियरमध्येच होती. कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी संथ उतरायला लागली. दुसऱ्या वळणावर आकडा बासष्ट झाला. मला वाटलं चष्मा. चष्मा पुसला. खाली आलो तेव्हा चौसष्ट. तिने ब्रेकला सगळ्या घाटात चार वेळा पाय लावला असेल, मी मोजले.

मी तिला म्हटलं, न्यूट्रल करून दाखव.

"पोरं हायती गाडीत. न्हाई करनार," ती म्हणाली. आजवर माझ्या कुठल्या ड्रायव्हरने मला असं तोंडावर नाही म्हटलेलं नाही.

शनिवारची अर्धी शाळा. दुपारी पोरं सोडून रिकामी परत येताना तिने सरळ उताराच्या तुकड्यावर न्यूट्रल केली. आकडा जागेवर थांबला. आणि गाडी सुटली. डिझेलच्या गाडीपेक्षा कितीतरी जड गाडी, पोटात सगळ्या बॅटऱ्या. संयोगिता ब्रेकवर उभीच राहिली म्हणायची. शंभर-दीडशे मीटर गेलो असू. मग तिने पुन्हा गियर टाकला.

मग मी विचारलं, "तू वहीत रोज अकरा लिहितेस ते?"

"खोटं लिहिते, काका. तुमी रकाना बघता न्हवं."

"आणि गुंडाला हे माहीत होतं?"

"म्हैना झाला की. मीच सांगितलं. आठ तारखेला त्यांनी करून बघितलं, चोवीस घिऊन आले. लय खूश हुते. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, भाऊ, लिवा की माझ्यावानी काय बी. तर म्हनाले, वस्तादांच्या वहीत खोटं कसं लिवू? आन तुमच्या तोंडावर तुमचं चुकलं म्हनायची त्यांची छाती न्हाई."

ऑफिसात येऊन ८ जुलैचं पान काढलं. कोरा रकाना आणि खाली माझा लाल शेरा, माझी सही. चांगली मोठी सही आहे माझी. मी तिच्याकडे बघत बसलो.

तसाच अण्णांकडे गेलो. सगळं सांगितलं, बसायला सांगितलं तरी बसलो नाही. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शिंदे, शाल काय मी परत मागत न्हाई. पन भितीवरचा कागद आजच काढा. आन सोमवारपासनं गाड्या संयोगिता बघंल. तुमी तिच्या हाताखाली ऱ्हावा, न्हाईतर घरी बसा." मी म्हटलं, राहतो. गुंडाला परत घ्याल? म्हणाले, "आला तर."

अंजनाला सांगितलं. मला वाटलं ती बोलेल. तिने नुसतं ताट वाढलं. जेवण गेलं नाही.

२७ जुलै, रविवार

सकाळच्या एसटीने जत. तिथून पुढे गुंडाच्या वस्तीवर वडापच्या जीपने. सगळीकडे पिवळं माळरान, मेंढरं, आणि हा टँकरच्या टाकीवर चढून झाकण घट्ट करतोय. मला बघून घाईघाईने खाली उतरला आणि पाया पडायला वाकला. मी त्याचे दंड धरून वर उचलला. अठ्ठ्याण्णव किलो, कंबरेत उसण भरली.

त्याची बायको कानडीत त्याला काहीतरी म्हणाली आणि चहा ठेवायला गेली. मी सरळ बोललो. "गुंडा, माझं चुकलं. न्यूट्रलचं सगळं चुकलं. मी घाटात बघून आलो. अण्णांनाही सांगितलं. कागद काढला. तू चल."

मला वाटलं होतं तो रडेल, किंवा हसेल. तो चिडला. सोळा वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर चिडला.

"आवं, अण्णास्नी कशाला सांगितलासा? सगळ्यांत आपली मानमर्यादा घालवून आलासा व्हय? म्या म्हैनाभर त्वांड दाबून बसलो ते कशापायी?"

"तुझी नोकरी चालली होती, गाढवा! बॅटरीपायी तुला काढणार होते."

"बॅटरीचं काय न्हाई. काढलं असतं तर निघालो असतो. टँकर काय, ट्रक काय."

"मग पळालास का?"

तो खाली बसला. जमिनीवरचा एक खडा उचलून दुसऱ्या हातात घेत राहिला. मग सांगितलं.

"गुरवारी घाटात न्यूट्रल हुती. तिसऱ्या वळनाच्या वर ब्रेक तापलं. पाय दाबतोय, गाडी ऐकंना. पाय खाली गेला, वस्ताद, पार खाली. माग पोरं कविता म्हनत हुती, बाईंनी पाठ करून आनायला सांगितलेली. म्या गियर टाकला तवा गाडी आवरली. कडंला लावली. पोरं म्हनली, काका का थांबलं? म्हनलं, तापलीया." त्याने हातातला खडा टाकून दिला. "तुमचा हुकूम बी पाळायचा आन पोरं बी सुकरूप खाली आनायची, दोनी मला जमंना. तुमास्नी सांगायचं धाडस न्हाई. मंग किल्ली ठिवून आलो."

मी त्या वेळी फोनवर कंपनीला ओरडत होतो. त्याच्या हातातून गिलास सांडला, ते मी बघितलं होतं. बघितलं होतं आणि विचारलं नाही.

तिथे ओसरीवर बसून मी रडलो. लिहायला लाज नाही. तीस पोरं होती. पाखरेवाडीची ती दोन जुळी, दुसरीतली, नेहमी पहिल्या बाकावर बसणारी. माझी सही होती भिंतीवर. गुंडाने वाट बघितली. मग म्हणाला, "चा घ्या. निवला."

चहा पिऊन मी पुन्हा विचारलं, येतोस का? तो म्हणाला, "येतो. पन एक सांगनं हाय. मागनं राग मानू नगा."

"बोल."

"आठ दिस माझ्या बाजूला बसायचं, वर जाताना बी आन खाली येताना बी. आन त्वांड उघडायचं न्हाई. एक सबूद न्हाई."

"माझ्यावर भरवसा नाही?"

"माझ्यावर न्हाई," तो म्हणाला. "तुमी काय बोल्लासा की माझा हात आपसूक न्यूट्रलवर जातोय. तुमी बाजूला गप बसलेलं मला बघायचंय. तवाच ती सवय जाईल."

मी कबूल केलं. दुसरं काय करणार होतो?

२९ जुलै, मंगळवार

काल पहिला दिवस, आज दुसरा. संयोगिता आता माझी साहेब. तिने ड्युटीच्या फळ्यावर माझं नाव गुंडाच्या नावाखाली लिहिलं. वाचून छातीत जरा दुखलं, पण गोळी घेतली होती.

गाडी रिकामी वर गेली, पोरं भरली. जुळी पहिल्या बाकावर. घाट सुरू झाला. गुंडाने पाय उचलला. पहिल्या वळणावर त्याचा डावा हात आपोआप हलला, मी बघितला, आणि माझ्या तोंडात शब्द आला. नक्की कुठला ते लिहीत नाही. ओठ दाताखाली धरले. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि हात परत स्टेअरिंगवर ठेवला. तिसऱ्या वळणावर, तो जिथे गुरुवारी थांबला होता तिथे, मी समोरची दांडी दोन्ही हातांनी धरली. पोरं मागे कसला तरी गोंधळ घालत होती. एरवी मी मागे वळून दम दिला असता.

खाली आलो. पोरं उतरून वर्गात गेली. गुंडाने गाडी बंद केली, टोपी काढली, घाम पुसला.

"जमलं का, वस्ताद?" त्याने विचारलं.

बोलायची परवानगी आहे की नाही ते कळेना, म्हणून मी नुसती मान हलवली. अजून सहा दिवस आहेत.